सुटकेनंतरचा पत्ता

२५ फेब्रुवारी २०१६. पुण्यात येरवडा मध्यवर्ती कारागृहाबाहेर वाहिन्यांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. अभिनेता संजय दत्त शिक्षा पुरी करून बाहेर पडला, मागे वळून त्याने तिरंग्याला सलाम ठोकला, आणि ते दृश्य दिवसभर घरोघरच्या टीव्हीवर फिरत राहिले. विमानाने तो मुंबईला गेला, सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले, आईच्या कबरीवर गेला. सुटका म्हणजे काय, याचे एक चित्र त्या दिवशी लोकांच्या मनात पक्के बसले. दार उघडते, माणसे धावत येतात, गाडी तयार असते आणि घर वाट पाहत असते.

बाकीच्यांची सुटका अशी होत नाही. न्यायालयाचा आदेश दिवसभरात केव्हातरी कारागृहात पोचतो. मग वॉरंट तपासायचे, दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात हा माणूस हवा आहे का ते पाहायचे, अंगावरच्या खुणा नोंदवहीशी ताडून बघायच्या, आत येताना जमा केलेल्या वस्तू सही घेऊन परत करायच्या. हे सगळे उरकेपर्यंत संध्याकाळ होते. बाहेर येणाऱ्याच्या हातात एक पिशवी असते. तिच्यात अटकेच्या दिवशीचे कपडे, कोर्टाचे कागद आणि नंबर केव्हाच बंद झालेला मोबाइल. कुणाला न्यायला भाऊ येतो, कुणाला बायको, कुणाला वकिलाचा कारकून. पुष्कळांना न्यायला कुणीच येत नाही.

हे लेखन त्या पुष्कळांविषयी आहे. शिक्षा संपली, जामीन झाला किंवा निर्दोष ठरला, की माणूस मोकळा झाला असे कायदा मानतो. समाज मानत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे, पण ती करून थांबले की मुद्दा हातचा निसटतो. सुटलेल्या माणसाची पहिली गाठ समाजाच्या मनाशी पडतच नाही. ती पडते एका खिडकीशी. ती खिडकी बँकेची असते, रेशनच्या कार्यालयाची असते, सरकारी दवाखान्याची असते, आणि तिथे पहिला प्रश्न असतो पत्त्याचा. ज्याची चाळीतली भाड्याची खोली अटकेनंतर तिसऱ्या महिन्यात गेली, त्याने तिथे काय लिहायचे? मदतीच्या आपल्या साऱ्या योजना हे गृहीत धरून आखल्या आहेत, की सुटणाऱ्या माणसाला एक ठरलेली तारीख असते आणि एक घर असते. प्रत्यक्षात बाहेर पडणाऱ्या बहुतेकांकडे तारीख नसते, आणि घर असेलच असे नाही.

तारीख का नसते, ते आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. चारांत तीन! सिद्धदोष बंद्याची सुटका केव्हा होणार हे कारागृहाला महिने आधी ठाऊक असते. माफीचे दिवस वजा करून हिशेब मांडता येतो. न्यायाधीन बंद्याचा जामीन मात्र मंगळवारी होतो आणि बुधवारी तो बाहेर असतो. केंद्राच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरच्या अनुरक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. सुटकेच्या पुष्कळ आधीपासून बंद्याशी बोलावे, त्याच्या घरच्यांशी संपर्क साधावा, कामाची सोय पाहावी, असे त्यात म्हटले आहे. सल्ला उत्तम आहे. पण उद्या सुटणार की तीन वर्षांनी, हेच ज्याच्याबाबत कुणाला सांगता येत नाही, त्याच्यासाठी पूर्वतयारी कुणी आणि कधी करायची?

सुटकेचा कागदही कसा प्रवास करतो, हे देशाला कळले ते एका बड्या नटाच्या मुलामुळे. ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेरच्या जामीनपेटीत त्याचा आदेश संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत पडला नाही, आणि जामीन होऊनही त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच्याकरता ती एक रात्र होती. जामीन मंजूर आहे पण जामीनदार मिळत नाही, म्हणून महिनोन्महिने आत राहणाऱ्यांची बातमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबाबत सविस्तर निर्देश दिले. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ई-मेलने जावी. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. आणि महिनाभरातही जामीनदार उभा राहिला नाही, तर अट सैल करता येईल का ते न्यायालयाने स्वतःहून पाहावे.

जामीनदाराचा हा गुंता जुना आहे. १९७८मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांची हमी मागितली आणि त्याच्या भावाची हमी नाकारली, कारण भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले. त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी मुंबईत पकडलेल्या बिहारी मजुराला किंवा पुण्यात पकडलेल्या लातूरच्या मुलाला अजूनही स्थानिक रेशनकार्डवाला, पगाराची पावती दाखवणारा जामीनदार शोधावा लागतो. त्यासाठी २०२३मध्ये केंद्राने गरीब बंद्यांकरता योजना आणली. मूळ योजनेत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि सिद्धदोषाच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. योजनेचा उपयोग बंद्याच्या कानावर ती कुणी घालते का आणि अर्ज कोण भरून देते, यावर ठरतो. कारागृहात जाणारा वकील किंवा विधी स्वयंसेवक चांगला असेल तर रक्कम मिळते, नसेल तर योजना कागदावर राहते.

कागद हा शब्द इथे वारंवार येणार. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्याआधी आत गेलेला माणूस आज बाहेर आला, तर ज्या क्रमांकावाचून सिमकार्डही मिळवणे मुश्किल, तो क्रमांक त्याने पाहिलेलाच नसेल. यूपीआय २०१६चे, हातगाडीवर भाजी घेतानाही फोन पुढे करायचा असतो, हे त्याला नवे. आता कारागृहांत आधार नोंदणीची शिबिरे होतात, हे चांगलेच आहे. पण शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले असते, मतदार यादीतून गळालेले असते, गावाकडे सातबाऱ्यावर वारसनोंद होताना भावांनी त्याला वगळलेले असते. बँकखाते वापरात नसल्याने निष्क्रिय झालेले असते. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. चारही एकदम समोर उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीला दुसरीचा पुरावा लागत असला, की माणूस खिडकीवरून परत फिरतो.

कागदावरचे एक नाव माणसाची किती वर्षे खाऊ शकते, याचे पुण्यातले उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. १९९४च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका कुटुंबातल्या माणसांसह सात जणांची हत्या झाली. त्या प्रकरणात राजस्थानातून आलेल्या एका मुलाला फाशीची शिक्षा झाली. खटल्याच्या कागदांत त्याचे नाव एक होते, गावाकडच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे. गुन्हा घडला तेव्हा आपण अल्पवयीन होतो हा त्याचा दावा सिद्ध व्हायला मार्च २०२३ उजाडले. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि त्याला सोडायचा आदेश दिला. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत काढून तो नागपूरच्या कारागृहातून बाहेर पडला. त्याच्या गुन्ह्याबद्दल वाचकाचे मत काहीही असो. बालपण संपण्याआधीच आत गेलेला आणि चाळिशीत बाहेर आलेला माणूस पुढे कसा जगणार, या प्रश्नाला उत्तर द्यायला राज्याकडे कुठलीही व्यवस्था नव्हती.

दुसरे उदाहरण त्याहून वेगळे, आणि या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. नाशिकजवळ जून २००३मध्ये घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि हत्यांच्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती; २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली. पुढे तो निकाल न्यायालयाने स्वतःच मागे घेतला, प्रकरण पुन्हा ऐकले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. त्या निकालाचा शेवटचा भाग फार वाचला गेला नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असे न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सांगितले, आणि ही रक्कम त्यांच्या पुनर्वसनासाठी वापरली जावी असेही म्हटले. भटकंती करून मजुरीवर पोट भरणाऱ्यांना सोळा वर्षांनी परत जायला गाव तरी कोणते होते, याचा विचार एका न्यायालयाने निकालपत्रात केला, ही दुर्मीळ गोष्ट. अशी भरपाई हक्क म्हणून मागता येईल असा कायदा भारतात अजून नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८मधल्या २७७व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तोवर निर्दोष सुटलेल्याला मिळणारी रक्कम न्यायाधीशांच्या मनावर अवलंबून राहते.

आता थोडे व्यवस्थेच्या पोटात शिरू. महाराष्ट्रात कारागृहे गृह विभागाकडे आहेत. सुटलेल्या बंद्याचे पुनर्वसन, परिविक्षा अधिकारी, अनुरक्षण गृहे, एकरकमी अर्थसहाय्य हे सगळे महिला व बाल विकास विभागाकडे. एका विभागाची जबाबदारी दाराशी संपते आणि दुसऱ्याची दाराबाहेर सुरू होते. मधल्या काही पावलांवर कुणीच नसते. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडे गेल्यास छोट्या व्यवसायासाठी मदत मिळू शकते, हे सुटलेल्या माणसाला कारागृहातच कुणीतरी सांगायला हवे. अनेकदा ते सांगणारा शेजारच्या बराकीतला, आधी एकदा जाऊन आलेला बंदी असतो. त्याची माहिती निम्मी बरोबर आणि निम्मी ऐकीव असते.

ही मधली पावले चालून दाखवण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या उपक्रमाने मुंबईत १९९० पासून केले आहे. न्यायव्यवस्थेत अडकलेल्यांसाठी प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्याची मूळ कल्पना. डॉ. सनोबर साहनी यांनी ती रुजवली आणि पुढे डॉ. विजय राघवन यांनी वाढवली. 'प्रयास'चे कार्यकर्ते पोलीस ठाण्यात, कारागृहात आणि कोर्टात जातात. घरच्यांना शोधतात, वकील मिळवून देतात, सुटल्यावर काही काळ मानधनासह कामाची सवय लावतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही क्रांतिकारक दिसणार नाही. पण एखाद्या तरुणाला पहिल्या महिन्यात कुणी रोज सकाळी कामावर यायला लावतो, कागदांसाठी बरोबर येतो, आणि तो दोन दिवस गायब झाला तर फोन करतो, यानेच पुष्कळ काही ठरते. अमरावतीची 'वऱ्हाड' संस्था बंद्यांच्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी झटते. संस्था आहेत, माणसे आहेत. राज्याचा पसारा पाहता ती फार थोडी आहेत एवढेच.

पैशाची गोष्ट निराळी. सिद्धदोष बंदी आत काम करतो. सुतारकाम, विणकाम, बेकरी, शेती. त्याला मजुरी मिळते. १९९८च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मजुरी न्याय्य असावी असे बजावले आणि तिच्यातला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा काढावा असेही सुचवले. या मजुरीवर कर्ज देण्याची कल्पना महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२मध्ये येरवड्यात प्रत्यक्षात आणली. 'जिव्हाळा' नावाच्या त्या योजनेत बंद्याला तारण न घेता ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने मिळते. मुलीची फी, आईचे ऑपरेशन, वकिलाचे पैसे अशा कारणांसाठी. सहकाराच्या या राज्यात कर्ज कुणाला द्यायचे आणि कुणाचे बुडवून घ्यायचे यावर बरेच राजकारण झाले आहे. ज्याची पत शून्य धरली जाते अशा माणसाला त्याच्याच घामाच्या कमाईवर कर्ज द्यावे, हे कुणाला तरी सुचले याचे कौतुक करायला हरकत नाही. योजनेचे खरे महत्त्व सुटकेच्या दिवशी कळते. आत असतानाही जो घरी काही पाठवत होता, त्याच्यासाठी घरचे दार उघडण्याची शक्यता जास्त.

घराशी नाते टिकवण्याचे कायद्यातले साधन म्हणजे रजा. महाराष्ट्रात १९५९च्या नियमांनुसार सिद्धदोष बंद्याला दोन प्रकारच्या रजा मिळतात. ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी ती संचित रजा, तिला वेगळे कारण लागत नाही. आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी मागायची ती अभिवचन रजा. दोन्हींसाठी घरचा जामीनदार लागतो आणि पोलिसांचा अहवाल लागतो. अहवालात गावात शांतता भंग होईल असे एक वाक्य आले की अर्ज फेटाळला जातो, आणि मग उच्च न्यायालयात धाव. ज्याला रजा मिळते, तो दर वर्षी काही दिवस का होईना घरी राहून येतो. मुलगा केवढा झाला, शेतात काय लावले, शेजाऱ्यांशी कोण बोलते नि कोण नाही, हे त्याला ठाऊक असते. दहा वर्षे रजेवाचून काढलेला माणूस पाहुण्यासारखा परततो. लहान मुलांना वडिलांना काचेआडून न भेटता प्रत्यक्ष मिठी मारता यावी, म्हणून राज्यातल्या कारागृहांत 'गळाभेट' हा कार्यक्रम होतो. त्या दिवशी वॉर्डरही जरा लांब उभे राहतात.

स्त्रियांच्या बाबतीत हे नाते फार लवकर तुटते. पुरुष आत गेला की बायको किंवा आई मुलाखतीला येते, डबा आणते, वकिलाकडे खेटे घालते. बाई आत गेली की तिच्यासाठी तसे करणारे कुणी सहसा उरत नाही. सासरचे येत नाहीत, माहेरचे लपतात. २००६च्या एका निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर कारागृहात राहू शकते. पुढे ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. सुटल्यावर आईला मूल परत हवे असेल, तर बाल कल्याण समितीपुढे जावे लागते, आणि समितीचा साहजिक प्रश्न असतो: तुम्ही राहता कुठे? मूल मिळायला घर हवे, घर मिळायला काम, आणि कामासाठी मूल सांभाळणारे कुणी. भायखळ्याच्या महिला कारागृहातून सुटलेल्या बाईला शासकीय महिला वसतिगृहाचा आधार मिळू शकतो, पण तिथे मुदत असते.

कामाच्या बाबतीत नियमांचे जाळे अधिकच घट्ट. पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पूर्वी सरकारी नोकरीला लागे. आता सुरक्षारक्षक, डिलिव्हरी, शाळेची बस, मॉलमधली सफाई, सगळीकडे लागते. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५च्या कायद्याने रक्षकाची पूर्वपीठिका तपासणे बंधनकारक आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला दोषी ठरल्यापासून पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो, म्हणजे आखाताची वाटही बंद. १९५८च्या परिविक्षा कायद्यात एक चांगले कलम आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर ज्याला सोडले, त्याला त्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्र ठरवायचे नाही. पण ज्याने प्रत्यक्ष कारावास भोगला, त्याला हे संरक्षण नाही. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्याने ठरावीक वर्षे गुन्ह्याविना गेली की अनेक प्रकारच्या जुन्या शिक्षा नोकरीच्या अर्जात सांगाव्या लागत नाहीत. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही. चोविसाव्या वर्षी मारामारीत सहा महिने भोगलेला माणूस पन्नाशीतही तेच उत्तर लिहितो. आणि न्यायाधीनाचे काय? त्याला तर शिक्षाही झालेली नसते. पडताळणीत मात्र गुन्हा 'प्रलंबित' दिसतो, आणि मालकाला तेवढे पुरते.

काही समाजांवर तर हा शिक्का जन्माआधीच मारलेला होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना नोंदवहीत घातले. त्यांना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाल्यावर तुटल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पारध्याच्या पालावर रात्री पोलिसांची गाडी येणे थांबले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. जातीवरून काम वाटणे, नियमावल्यांत भटक्या जमातींचा सराईत म्हणून उल्लेख करणे, हे काढून टाकायला सांगितले. पारधी तरुणाच्या सुटकेचा अर्थ इतरांपेक्षा वेगळा असतो. तो कारागृहातून सुटतो आणि पुढच्या चोरीच्या संशयितांच्या यादीत दाखल होतो.

या सगळ्याला पर्याय असू शकतो असे कुणी म्हटले, तर उत्तरासाठी परदेशात जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९च्या सुमारास प्रजेच्या हाती कारभार सोपवला. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता आला होता, गांधींच्या सहवासात रमलेला. त्याच काळात खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या बंद्यांना भिंतीवाचून, माळरानावर, शेती करत राहू द्यायचा प्रयोग तिथे सुरू झाला. त्या भागातल्याच गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७मध्ये व्ही. शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये गौरव झाला. चित्रपट सगळ्यांना आठवतो. वसाहत अजून चालू आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. तिथे बंदी बायकामुलांसह राहतो, शेत कसतो, मुले शाळेत जातात. खुल्या कारागृहांत पळून जाणाऱ्यांची फारशी चिंता का करावी लागत नाही, याचे कारण साधे आहे. सुटकेनंतर जे आयुष्य सुरू करायचे, ते तिथे आधीच सुरू झालेले असते. पैठण, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहे महाराष्ट्रात आहेत, पण तिथवर निवडक सिद्धदोष बंदीच पोचतात. चारांतल्या त्या तीन न्यायाधीन बंद्यांना त्याचा काही उपयोग नाही.

एक आक्षेप इथे नोंदवायला हवा, कारण तो गैर नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला मारेकऱ्याच्या पुनर्वसनाची चर्चा कशी ऐकवेल? पीडितांच्या भरपाईची योजना राज्यात आहे, बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३पासून 'मनोधैर्य' आहे, आणि तिथेही अर्ज महिनोन्महिने पडून राहतात ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा एकाच्या ताटातले दुसऱ्याला वाढायचे असा हा सवाल नाही. दोघांनाही अनुभव सारखाच येतो: निकाल लागला की सरकारी यंत्रणा आपली फाइल बंद करते. आणि सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळला, तर पुढचा पीडित आणखी कुणीतरी नवा असतो.

मराठीत तुरुंगाचे साहित्य थोडेथोडके नाही. 'माझी जन्मठेप' आहे; धुळ्याच्या कारागृहात १९३२ साली विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतले ती 'गीता प्रवचने' आहेत; नाशिकच्या कारागृहात लिहिलेली 'श्यामची आई' तर घराघरांत आहे. या ग्रंथांच्या लेखकांचे बाहेर हारतुऱ्यांनी स्वागत झाले, आणि व्हायलाच हवे होते. चोरीच्या, मारामारीच्या, हुंड्याच्या, ड्रग्जच्या आरोपाखाली आत गेलेल्याची कथा मात्र मराठीत जवळपास लिहिली गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हा सन्माननीय अपवाद, आणि तेही तुरुंगापेक्षा तुरुंगाच्या सावलीत वाढलेल्या समाजाचे आत्मकथन. लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५मध्ये निर्दोष सुटलेले मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी नऊ वर्षांच्या तुरुंगवासावर 'बेगुनाह कैदी' लिहिले. ते मराठीत लिहिलेले नाही. त्याच खटल्यातल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण निकालाआधीच कारागृहात मरण पावला होता.

येत्या काळात सुटलेल्यांचा हा प्रश्न मोठा होणार आहे, लहान नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमानुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. हे कलम आधीच्या प्रकरणांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले आणि अधीक्षकांनी स्वतः अर्ज पुढे पाठवावेत असे सांगितले. म्हणजे आणखी माणसे बाहेर येणार, आणि बहुतेक अचानक. केंद्राने २०२३मध्ये १८९४च्या कारागृह कायद्याच्या जागी आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला, त्यात अनुरक्षणाचा विचार आहे. महाराष्ट्रानेही २०२४मध्ये त्या धर्तीवर विधेयक आणले. त्यातून प्रत्येक कारागृहाला पुरेसे समाजकार्यकर्ते मिळतात का, आणि न्यायाधीन बंद्याचे कागद तो आत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कुणी तपासू लागते का, हे पाहावे लागेल. तोवर ज्यांच्या घरात, चाळीत किंवा गावात असा कुणी परतला असेल, त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातले विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे. पात्र व्यक्तीला तिथे वकिलाची फी द्यावी लागत नाही. अर्थसहाय्याची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातल्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे करावी. जाताना सुटकेचा दाखला आणि त्याच्या दोन झेरॉक्स बरोबर असू द्याव्यात.